तुटलेल्या बोल्टच्या जागी कोणता बोल्ट घ्यायचा: गॅरेजात नव्याने लागलेल्यांसाठी

गॅरेजात 'चौदाचा बोल्ट आण' असं सांगतात तेव्हा चौदा हा पान्याचा नंबर असतो, बोल्टचा नाही. जपानी घडणीच्या गाड्यांत १४च्या पान्याने फिरणारा बोल्ट बहुतेक वेळा एम१० असतो, म्हणजे आट्यांवरून व्यास १० मिमी. बाजारात सुट्या मिळणाऱ्या एम१०ला मात्र १६ किंवा १७चा पाना लागतो. एम८चंही तसंच, कुठे १२ तर कुठे १३. त्यामुळे नाशिकच्या सातपूर-अंबडच्या दुकानात बोल्ट मागताना चार गोष्टी सांगायच्या: व्यास, पिच (शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत), लांबी, ग्रेड (मजबुतीचा दर्जा). जमलं तर तुटलेला तुकडाही सोबत न्या.

व्यास व्हर्नियरने मोजा. एम८ बोल्ट नेमका ८.०० कधीच दाखवत नाही, ७.८ ते ७.९ दाखवतो. गंजलेल्या बोल्टवर डोक्याजवळचे, कमी झिजलेले आटे मोजा.

खरी चूक होते ती पिचमध्ये. एम१० हा १.५, १.२५ आणि १.० अशा तिन्ही पिचमध्ये मिळतो. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं 'एम१०' म्हटलं की १.५ हातात येतो, आणि जपानी घडणीच्या गाडीत हवा असतो १.२५. पिच गेज नसेल तर पहिल्या आट्याच्या टोकापासून अकराव्या आट्याच्या टोकापर्यंतचं अंतर घ्या आणि दहाने भागा. १२.५ मिमी आलं तर पिच १.२५. नाशिककडच्या खेड्यांत अजून जुन्या जीप चालतात, त्यांत इंची आटे भेटतात. ५/१६ इंची बोल्ट, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत अडीच सुती, आणि एम८ हे दोन्ही व्हर्नियरवर जवळपास सारखेच दिसतात. फरक फक्त आट्यांत कळतो. चुकीच्या पिचचा बोल्ट दोन-तीन फेरे गुमान आत जातो आणि मग जड होतो. तिथे पाना लावला की भोकातले आटे गेलेच. नवा बोल्ट आधी हाताने, बोटांनी फिरवून बघायचा. निम्म्याहून जास्त सहज गेला तरच पाना उचला.

लांबी डोक्याच्या खालून मोजतात. फक्त डोकं पत्र्यात बुडणारा काउंटरसंक बोल्ट डोक्यासकट मोजायचा. लोखंडात निदान व्यासाएवढे आटे धरले पाहिजेत, ॲल्युमिनियममध्ये दीडपट ते दुप्पट. उदाहरण घ्या: ६ मिमीचा ब्रॅकेट, २ मिमीचा वायसर, खाली ॲल्युमिनियमचं केसिंग, बोल्ट एम८. ६ + २ + १२ (८ची दीडपट), म्हणजे किमान २० मिमी लांबी हवी. आखूड बोल्ट केसिंगचे आटे उपटून काढतो. लांब बोल्ट बंद भोकाच्या तळाला टेकतो. हाताला 'टाइट झाला' असं वाटतं, पण ब्रॅकेट दाबलेलाच नसतो. अशा भोकात तेल साचलेलं असेल तर बोल्टच्या दाबाने केसिंगला तडाही जाऊ शकतो, म्हणून आधी भोक हवेने साफ करा, डोळ्यांवर चष्मा लावून.

बोल्टच्या दांड्याचा बिनआट्याचा भाग उगाच ठेवलेला नसतो. सस्पेन्शनसारख्या ठिकाणी दोन भाग एकमेकांवर सरकू पाहतात, त्या सांध्यावर सपाट दांडाच यायला हवा. तिथे पूर्ण आट्यांचा बोल्ट घातला तर आट्याच्या खाचेतून तो तुटायला सुरुवात होते.

ग्रेड डोक्यावर कोरलेला असतो. ८.८ म्हणजे ताणशक्ती सुमारे ८०० मेगापास्कल आणि त्याच्या ८० टक्क्यांवर बोल्ट कायमचा ताणला जायला लागतो. १०.९मध्ये हेच आकडे १००० आणि ९० टक्के. डोक्यावर काहीच खूण नसलेला बोल्ट नंबरप्लेटला ठीक, ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकाला अजिबात नाही. स्टेनलेस चकचकीत दिसतं म्हणून मजबूत समजू नका. नेहमी मिळणारा ए२-७० हा ७०० मेगापास्कलचा, म्हणजे ८.८पेक्षा कमीच. शिवाय स्टेनलेस नट-बोल्ट एकमेकांत चिकटून बसतात आणि पावसाळी पट्ट्यात, इगतपुरी-त्र्यंबककडे, ॲल्युमिनियमला लागून असतील तर ते ॲल्युमिनियम खाल्लं जातं. द्राक्षबागेतल्या ब्लोअरवर मोरचुदाच्या फवाऱ्याने झिंकचा मुलामा लवकर जातो. तिथले बोल्ट दर हंगामात उघडून बघावेत.

ग्रेड वाढवणं हाही उपाय नाही. रोटाव्हेटरच्या पीटीओ शाफ्टचा (ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणाऱ्या दांड्याचा) शिअर बोल्ट दगड लागल्यावर तुटावा म्हणूनच असतो. तिथे कंपनीने सांगितल्यापेक्षा कडक बोल्ट घातला की बोल्ट वाचतो, गिअरबॉक्स जातो.

नवा बोल्ट घेण्याआधी जुना का तुटला ते बघा. तुटलेल्या तोंडाचा काही भाग गुळगुळीत, त्यावर अर्धवर्तुळाकार रेघा आणि उरलेला खरखरीत, असं दिसलं तर बोल्ट थकून तुटला आहे. बहुतेकदा कारण असतं ढिलेपणा. बोल्ट ताणलेला असतो तोवर जोडणीतले धक्के त्याच्यापर्यंत फारसे पोचत नाहीत. ढिला झाला की प्रत्येक धक्का तोच सोसतो. मान बारीक होऊन तुटला असेल तर जास्त आवळला गेला होता.

कोरड्या ८.८ बोल्टसाठी साधारण टॉर्क, म्हणजे आवळताना द्यायचा पिळाचा जोर, एम६ला १०, एम८ला २५, एम१०ला ५० न्यूटन मीटर. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच खरा. लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणतो, बाकी घर्षणात जातो. म्हणूनच आट्यांना तेल किंवा ग्रीस लावून तोच टॉर्क दिला तर बोल्ट जास्त ताणला जातो. 'इतका टॉर्क आणि वर ९० अंश' (म्हणजे वर आणखी पाव फेरा) असं लिहिलेले सिलिंडर हेडचे बोल्ट बहुतेक एकदाच वापरायचे असतात, स्वस्त वाटत नसले तरी नवेच घ्या. नायलॉक नटही (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा नट) दुसऱ्यांदा वापरू नका, आणि सायलेन्सरजवळ तर नकोच. १२० अंश सेल्सिअसच्या पुढे त्यातलं नायलॉन टिकत नाही.

चाकाच्या नट-बोल्टला पाचवी गोष्ट बघायची: बसण्याचा आकार. शंकूसारखा की गोल, हे रिमशी जुळलं पाहिजे. सुझुकीच्या गाड्यांत बहुधा एम१२, पिच १.२५, टोयोटा-ह्युंदाईत बहुधा एम१२, पिच १.५. फोक्सवॅगन-स्कोडाचे बोल्ट गोल बसणीचे, त्यात शंकूचा बोल्ट घातला तर तो कडेवर टेकतो आणि घाटात हळूहळू सैल होतो. चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासायला ग्राहकाला बोलवा.