क्रीटमध्ये योग-रिट्रीट ठरवताना या चुका टाळा

होरा स्फाकियोनच्या, म्हणजेच स्फाकियाच्या, धक्क्यावर आम्ही तिघी पोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे छोटंसं बंदर. आम्हाला जायचं होतं लुत्रोला, बोटीनं जेमतेम वीस मिनिटांवर. लुत्रोला गाडीरस्ता नाही. बोटीनं जायचं, नाहीतर डोंगराच्या कडेकडेनं पायी. तिकीटखिडकीच्या काचेला आतून एक कागद चिकटवलेला होता: ग्रीकमध्ये दोन ओळी आणि वेळापत्रकावर पेनानं मारलेली फुली. वारा सुटला होता, शेवटची बोट रद्द. रिट्रीटचा, म्हणजे आठवडाभराच्या निवासी योगशिबिराचा, पहिला वर्ग अर्ध्या तासात सुरू होणार होता, पैसे महिन्यापूर्वीच पूर्ण भरले होते, आणि आम्ही बॅगांवर बसून समुद्राकडे बघत होतो.

त्या रात्री आयत्या वेळी शोधलेली खोली आणि बुडालेले दोन वर्ग, यातलं बरंचसं टळलं असतं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा टळलंही. सुट्टी घेऊन, साठवलेले पैसे खर्चून तुम्ही इतक्या लांब जाणार असाल, तर पहिल्या खेपेच्या आमच्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत असं मनापासून वाटतं.

विमानतळापर्यंतची योजना म्हणजे अर्धीच योजना

मुंबई–अथेन्स तिकीट चांगल्या दरात मिळालं की काम झालं असं वाटतं. पण क्रीट नकाशावर दिसतं तेवढं छोटं नाही. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर, आणि मधे डोंगरांची भिंत. कळसूबाई १६४६ मीटर. इथलं प्सिलोरितिस शिखर २४५६ मीटर, आणि पश्चिमेकडच्या लेफ्का ओरी रांगेतलं पाखनेसही जवळपास तेवढंच. बरीच रिट्रीट्स दक्षिण किनाऱ्यावर आहेत, कारण तिथं गर्दी कमी. विमानतळ मात्र उत्तरेला: इराक्लियो आणि हानिया, एकमेकांपासून साधारण १४० किलोमीटरवर. आम्ही इराक्लियोचं तिकीट काढलं कारण ते थोडं स्वस्त होतं. हानियाहून स्फाकिया दीड-पावणेदोन तास. इराक्लियोहून बस बदलत, थांबत आमचा सगळा दिवस गेला. वाचवलेले पैसे त्या रात्रीच्या खोलीत गेले, वर आणखी लागले.

जागेचं नुसतं नाव बघून तिकीट काढू नका. क्रीटमध्ये आगियोस पाव्लोस नावाचं एक छोटं गाव रेथिम्नोच्या दक्षिणेला आहे, तिथं योगासाठी बरेच लोक येतात. त्याच नावाचं समुद्रकाठचं एक जुनं चॅपल आगिया रुमेली हे गाव आणि लुत्रो यांच्या मधे आहे, तिथं रस्ताच नाही. आयोजकाकडून नकाशावरचा नेमका बिंदू मागा आणि मग उलटं मोजत या: शेवटची बोट किती वाजता, ती पकडायला बस कोणती, त्या बससाठी विमान किती वाजता उतरायला हवं. दक्षिणेकडच्या बसफेऱ्या दिवसाला मोजक्याच असतात.

माझा सल्ला स्पष्ट आहे: रिट्रीट शनिवारी सुरू होत असेल तर शुक्रवारी ग्रीसमध्ये पोचा. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून रात्रीची मोठी फेरी निघते, ती पहाटे हानियाजवळच्या सूदा बंदराला लागते. केबिनमध्ये झोप होते, एका हॉटेलचा खर्च वाचतो, आणि दुपारपर्यंत तुम्ही डोंगर ओलांडून दक्षिणेला.

तरीही बोट रद्द झालीच, तर आयोजकाला लगेच फोन करा, संदेश पाठवून वाट बघू नका. बंदरात खोली आधी घ्या, त्या दिवशी सगळ्यांनाच हव्या असतात. दुसऱ्या दिवशी समुद्र शांत नसेल आणि पाठीवर लहानशी सॅक असेल, तर स्फाकियाहून लुत्रोपर्यंतची पायवाट आहे. सकाळी लवकर निघा, दोन-अडीच तास लागतात. सावली जवळपास नाही, काही जागा अरुंद आहेत; चाकांची बॅग घेऊन किंवा जोराच्या वाऱ्यात तो विचारही करू नका.

आपल्या सुट्ट्या आणि तिथले हंगाम

१५ ऑगस्टला जोडून सुट्टी मिळते म्हणून आपण तो आठवडा धरतो. ग्रीसमध्येही १५ ऑगस्ट ही मोठी सुट्टी आहे, मेरीचा सण. सगळा देश बेटांवर उतरतो, बोटी भरतात, खोल्यांचे दर चढतात. त्यात जुलै-ऑगस्ट म्हणजे मेल्तेमीचे दिवस. हा उत्तरेचा वारा डोंगर ओलांडून दक्षिण किनाऱ्यावर झोतासारखा कोसळतो. छायाचित्रात समुद्राकडे तोंड केलेला लाकडी मंच फार सुंदर दिसतो. त्या मंचावर आम्ही चटईच्या चारी कोपऱ्यांवर समुद्रातले गोल दगड ठेवून सूर्यनमस्कार घातले. वृक्षासनात माझ्या बाजूची बाई वाऱ्यानं अक्षरशः ढकलली जात होती. वर्गाला आतली, भिंतींची जागा आहे का, हे बुकिंगच्या आधीच विचारा.

दिवाळीची सुट्टीही फसवते. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, आणि क्रीटचा पर्यटन हंगाम साधारण ऑक्टोबरअखेर संपतो. लुत्रोसारख्या गावात मग दारं-खिडक्या बंद होतात, बोटी कमी होतात.

आपल्या शाळांच्या सुट्टीशी जुळणारा मे महिना मला सगळ्यांत चांगला वाटतो. डोंगर फुलांनी भरलेले, दिवस मोठे, उकाडा नाही. समुद्र मात्र गार असतो आणि रात्री पातळ स्वेटर लागतो. पोहणं महत्त्वाचं असेल तर सप्टेंबर घ्या, पाणी छान कोमट असतं. ग्रीसमधल्या ऑर्थोडॉक्स पंथाचा ईस्टर आपल्या कॅलेंडरवरच्या ईस्टरपेक्षा बहुतेकदा वेगळ्या तारखेला येतो, २०२७ मध्ये तो २ मे रोजी आहे. त्या दिवसांत बस-बोटींचं वेळापत्रक बदलतं, हेही बघून घ्या.

व्हिसाच्या आधी पैसे अडकवू नका

इथं लोकांचं नुकसान होताना मी पाहिलंय. रिट्रीटवाले जागा धरायला आगाऊ रक्कम मागतात, बऱ्याचदा परत न मिळणारी. आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नियम किमान पंधरा दिवस आधीचा असला तरी मे महिन्यासाठी मार्च-एप्रिलमध्ये अपॉइंटमेंट शोधणं म्हणजे जिवाला घोर. प्रौढांसाठी फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. रक्कम भरण्याआधी आयोजकाला एकच प्रश्न लेखी विचारा: व्हिसा नाकारला तर किती पैसे परत? उत्तर ईमेलवर घ्या.

दुसरी अडचण कागदांची. राहण्याचा पुरावा प्रत्येक रात्रीचा लागतो. ‘तुमची जागा निश्चित, भेटू या’ एवढ्या मजकुराचा ईमेल कामाचा नाही. पत्रावर पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जागेचा पत्ता, तारखा आणि भरलेली रक्कम हवी. अथेन्सची रात्रही दाखवायला विसरू नका. प्रवासात इटली किंवा फ्रान्सही जोडणार असाल, तर जिथं जास्त दिवस त्या देशाकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर जिथं आधी प्रवेश, तिथं.

पुण्या-नाशिकच्या, कोल्हापूरच्या योगशिक्षक मित्रमैत्रिणींना खास सांगायचंय. ‘आमच्याकडे रोज एक वर्ग घ्या, राहणं-खाणं फुकट’ असं आमंत्रण आलं तर हुरळून जाऊ नका. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही, आणि मोबदला रोख नसून खोलीच्या रूपात असला तरी ते कामच ठरू शकतं. पुढचे सगळे व्हिसा त्यात पणाला लागतात. शिकवायलाच जायचं असेल तर आयोजकाला योग्य परवान्याची व्यवस्था करायला सांगा.

‘योग’ हा शब्द एकच, वर्ग दहा तऱ्हेचे

आपल्याकडे कुणी लोणावळ्याच्या कैवल्यधामात शिकलेलं असतं, कुणी पुण्यात अय्यंगार पद्धतीनं. आपल्या मनात योगवर्ग म्हणजे तेच चित्र. युरोपातल्या रिट्रीटमध्ये बहुतेकदा विन्यास असतो, आसनांची न थांबणारी साखळी, आणि संध्याकाळी यिन, म्हणजे एकेका स्थितीत तीन-चार मिनिटं शिथिल राहणं. दोन्हींत चांगलं शिकवणारे आहेत. पण माझ्या वहिनीला गुडघ्याचा त्रास, तिला आसनांत आधाराला पट्टा, वीट, खुर्ची यांची सवय. तिथं वीस जणांत चार विटा होत्या आणि खुर्च्या जेवणघरातल्या. तिसऱ्या दिवशी ती वर्गाच्या कडेला नुसती बसून राहिली, आणि ते बघून मला फार वाईट वाटलं. आधी विचारलं असतं तर तिच्यासाठी वेगळी जागा निवडली असती.

म्हणून आठवड्याचं वेळापत्रक मागा. कोणती पद्धत, गटात किती जण, प्राणायाम आहे का, दुखापत असेल तर शिक्षक वेगळं करून घेतात का. शनिवार ते शनिवारच्या रिट्रीटमध्ये पहिल्या दिवशी ओळख, मधे एक मोकळा दिवस, शेवटी सकाळी निरोप. ‘सात दिवस’ म्हणताना पूर्ण सरावाचे दिवस पाचच उरतात. किंमत त्या पाचांनी भागून बघा.

मोकळ्या दिवशी बहुतेक जण समारियाच्या घळीत जातात. घळ अप्रतिम आहे, मे ते ऑक्टोबर खुली असते, आणि सह्याद्रीत फिरणाऱ्यांना सोळा किलोमीटर काहीच वाटत नाहीत. पण ही वाट बाराशे मीटरच्या वरून थेट समुद्राकडे उतरते, सतत गोट्यांवरून. मांड्या आणि गुडघे दोन दिवस बोलतात. खाली पोचल्यावर बाहेर पडायला बोटच. शक्य असेल तर घळ रिट्रीट संपल्यावर करा.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. उन्हाळ्यात ग्रीस आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं. पहिले तीन-चार दिवस पहाटे आपोआप जाग येते. बाकीचे झोपलेले असतात, समुद्र काचेसारखा असतो, आणि तासभर प्राणायाम होतो.

जेवण: ‘ने’ म्हणजे हो

रिट्रीट म्हणजे शाकाहारी असणारच, हे गृहीत धरू नका. काही ठिकाणी मासे असतात, अंडी तर असतातच. जैन जेवण हवं असेल तर कांदा, लसूण, बटाटा एकेक नाव घेऊन लिहा. ‘जैन’ शब्दानं त्यांना काही कळत नाही. जेवणाच्या वेळाही विचारा. बऱ्याच ठिकाणी सकाळच्या वर्गानंतर साडेदहाला पहिलं भरपेट खाणं आणि मग थेट रात्री आठला जेवण. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्याप्रमाणे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावं.

बाहेर खाताना मात्र क्रीट शाकाहारी माणसाला तृप्त करतं. ‘फावा’ म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर ऑलिव्ह तेल आणि कच्चा कांदा. ‘होर्ता’ म्हणजे उकडलेल्या रानभाज्या, लिंबू पिळून. ‘दाकोस’ म्हणजे जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो आणि मिझिथ्रा चीज. टोस्ट रसात मुरला की मगच खा, नाहीतर दाताची परीक्षा. ‘येमिस्ता’, म्हणजे भरलेले टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या, भाताचे असतात, पण कधी कधी खिमाही घालतात. ‘होरिस क्रेअस’, म्हणजे मांसाशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करा. ‘निस्तीसिमो’ हे उपासाचं जेवण: मांस, अंडी, दूध नाही, पण कोळंबी आणि माकूळ चालतात. आणि सगळ्यांत मोठा घोळ: ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो. नाही म्हणजे ‘ओही’. मी विचारलं, यात मांस आहे का? वेटर म्हणाला, ‘ने’. मी निश्चिंत मनानं चमचा उचलला. वहिनीनं हात धरला म्हणून बरं.

बॅगेत आणि कागदांत

तिथल्या बहुतेक शौचालयांत जेट नसतो, आणि पाइप अरुंद असल्यानं कागद भांड्यात न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा असतो. छोटा प्लास्टिकचा मग न्या. नेहमीची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. कोडीन असलेल्या गोळ्यांबाबत ग्रीसचे नियम कडक आहेत. गाडी घेणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, आणि कच्च्या रस्त्यावर टायर फुटला तर विमा देतो का, ते करारात वाचा. हॉटेलात खोलीमागे रोजचा एक सरकारी कर वेगळा भरावा लागतो, श्रेणीनुसार २ ते १५ युरो. रिट्रीटच्या किमतीत तो धरलाय का, विचारून घ्या. आपत्कालीन क्रमांक ११२.

परतीचं विमान रिट्रीट संपायच्या दिवशी ठेवू नका. जो वारा जाताना बोट अडवतो तोच येतानाही अडवतो. दुसऱ्या खेपेला आम्ही शेवटची रात्र हानियात काढली. सकाळी जुन्या बंदराजवळ बुगात्सा खाल्ला, आत गरम मिझिथ्रा, वरून साखर, आणि विमानतळावर दोन तास आधी पोचलो.