किनाऱ्यावर डॉल्फिन जिवंत लागला तर

आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर असा प्राणी लागला की लोक आधी शेपटी धरून ओढायला धावतात. कृपा करून तेवढं करू नका, पाठीचा कणा दुखावतो. पहिला फोन वनविभागाला, १९२६ वर.

मग त्याला पोटावर सरळ ठेवा. परांखालची वाळू हातांनी उकरा, म्हणजे ते दबत नाहीत. जुनं सुती लुगडं समुद्राच्या पाण्यात भिजवून अंगावर पसरा, वर सावली धरा. चरबीच्या जाड थरामुळे तो उन्हात आतून तापतो, म्हणून पाणी मारत राहा. पण डोक्यावरचं श्वासाचं छिद्र उघडंच हवं. तो मासा नव्हे, हवेवर जगतो. तिथे पाणी गेलं तर गुदमरेल. शेपटीपासून लांब राहा, गर्दी आणि कुत्री हटवा. एकाने मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजून लिहावं, डॉक्टर तेच आधी विचारतात.

घाईने पाण्यात ढकलू नका. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू मोठ्या कष्टाने खोल समुद्रात सोडलं, तरी ते वाचलं नाही. आधी तपासणी, मगच भरतीला सोडायचं.