स्ट्रक्चरल ऑडिट: बंद फ्लॅटचं काय करायचं?

डिप्लोमा किंवा डिग्री झाली, एखाद्या कन्सल्टंटकडे लागलात आणि आता जुन्या सोसायट्यांच्या ऑडिटला, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीला, पाठवतायत, अशांसाठी हे लिहितेय. बीम-कॉलम समजावत बसत नाही. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी आणि ३० च्या वर गेली की दर ३ वर्षांनी ऑडिट, हे सोसायटीच्या आदर्श उपविधीत आहे. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना महापालिका कायद्याचं कलम ३५३ ब लागतं, म्हणजे ऑडिट कायद्यानेच सक्तीचं. हेही तुम्हाला ठाऊक असेलच.

जायच्या आधी सेक्रेटरींकडून कागद मागवा: मंजूर नकाशा, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), मागचा ऑडिट रिपोर्ट. आरसीसी ड्रॉइंग (सळया-काँक्रीटचे नकाशे) बहुतेकदा मिळत नाहीत, त्यावर अडून राहू नका. माझ्या मते सगळ्यात कामाची असतात ती जुन्या दुरुस्तीची बिलं. कुठल्या कॉलमला जॅकेटिंग (भोवती नव्या सळया-काँक्रीटचं वेष्टण) झालं आणि कुठे नुसतं प्लास्टर मारून रंग दिला, हे बिलात दिसतं, रंगवलेल्या भिंतीवर नाही. प्रत्येक घरी एक फॉर्म द्या: गळती कुठे, कधीपासून, कुठली भिंत काढलीय का. भिंत काढल्याचं स्वतः कुणी लिहीत नाही, पण शेजारी आवर्जून सांगतात.

सुरुवात गच्चीपासून. पाणी वरून खाली येतं, तुम्हीही तसेच या. टाकीखालचे कॉलम, पॅरापेट (गच्चीचा कठडा), चायना मोझॅकमधल्या भेगा, पावसाच्या पाइपांची तोंडं बघून मग मजल्यामजल्याने उतरा. छोटी हातोडी हातात ठेवा आणि ठोकत चला. टणटणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तिथे खडूने खूण. भेग दिसली की आधी तिची दिशा बघा. भिंत आणि बीमच्या जोडावरची आडवी भेग बहुतेकदा विटा आणि काँक्रीट वेगवेगळे हलल्याची असते. कॉलमच्या कोपऱ्यालगत सळईच्या रेषेत उभी गेलेली भेग म्हणजे आत गंज चढलाय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, फोडून बाहेर येतो. बीमच्या टोकाजवळ तिरकी भेग दिसली तर सिनियरना लगेच फोटो पाठवा.

आता मुख्य गोष्ट. मला सुरुवातीला सगळ्यात जास्त छळलं ते बंद फ्लॅटने. चावी नाही, मालक परदेशात, भाडेकरू कामावर. मग कमिटीतलं कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणतं, "मॅडम, वरचा बघितलात, खालचा बघितलात, मधला काय वेगळा असणार?" ऐकायला पटतं. पण तो वेगळाच असतो, आणि का ते नीट समजून घ्या.

जुन्या इमारतींत टॉयलेट-बाथरूमचा स्लॅब बऱ्याचदा खोलगट, म्हणजे सन्क टाकलेला असतो. त्या खड्ड्यात पाइप, भोवती ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा, वर फरशी. नहाणी ट्रॅपचा (फरशीतल्या जाळीखालच्या भांड्याचा) जोड सुटला की पाणी त्या खड्ड्यात साचून राहतं. ४०२ मध्ये फरशी कोरडी ठणठणीत, घरचे शपथेवर सांगतात की आमच्याकडे काही नाही. खोटं बोलत नसतात ते. तो त्रास दिसतो बरोबर खालच्या ३०२ च्या छताला: आधी ओल, मग पांढरे क्षार, मग पोपडे, मग उघडी सळई. म्हणजे ४०२ चा स्लॅब तपासायचा तर ३०२ मध्येच जावं लागतं. ३०२ बंद असेल तर तुम्ही दोन फ्लॅट बघितलेले नाहीत. ३०२ उघडा आहे पण बाथरूमला फॉल्स सीलिंग आहे, तर तो याबाबतीत बंदच धरा. एखादी टाइल सरकवून टॉर्च मारू देतात का, विचारा. मी बाई असल्यामुळे मला बाथरूमपर्यंत चटकन जाऊ देतात; पुरुष असाल तर कमिटीतल्या एखाद्या बाईंना सोबत घ्या, काम सोपं होतं.

तरीही जमलं नाही, तर रिपोर्टात स्पष्ट लिहायचं: फ्लॅट क्रमांक, तारीख, कितीदा गेलात, कुठला भाग पाहता आला नाही आणि त्यामुळे कुठल्या स्लॅबबद्दल मत देता येत नाही. "सर्वसाधारणपणे समाधानकारक" ही ओळ तिथे चालणार नाही. सभासदाने मोबाइलवर पाठवलेला फोटो हीदेखील पाहणी नव्हे. मागच्या रिपोर्टातले शेरे उचलून चिकटवायला शिकवणारा सिनियर भेटला, तर त्याच्याकडून ड्रॉइंग वाचायला शिका, रिपोर्ट लिहायला नको.

यंत्रांबद्दल थोडक्यात. रिबाउंड हॅमर (उसळीवरून काँक्रीटची ताकद सांगणारा हातोडा) प्लास्टर काढून, घासलेल्या काँक्रीटवरच मारा. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशनने, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या परिणामाने, कडक होतो आणि आकडा फुगतो. एरवीही त्यावरून काढलेल्या ताकदीत २५ टक्के इकडे-तिकडे धरावेच लागतात. म्हणून यूपीव्ही (काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून तपासणी), कोअर (कापून काढलेला काँक्रीटचा नमुना) आणि फिनॉल्फ्थॅलीन (रंग दाखवणारं रसायन) यांची जोड द्यायची. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर हे रसायन फवारल्यावर गुलाबी रंग आला तर सळईला गंजापासून जपणारा काँक्रीटचा अल्कधर्म शाबूत आहे. रंगच चढला नाही तर कार्बोनेशन झालंय, आणि ते सळईपर्यंत पोचलंय का ते मोजा.

दबाव येणार. पुनर्विकास हवा असलेल्यांना सी-१ हवं असतं, म्हणजे घरं रिकामी करून इमारत पाडायची. खर्च टाळणाऱ्यांना सी-३, किरकोळ दुरुस्ती. मधले सी-२ए (घरं रिकामी करून मोठी दुरुस्ती) आणि सी-२बी (रिकामी न करता मोठी दुरुस्ती) कुणालाच आवडत नाहीत. घाबरू नका, वर्गवारीवर सही तुमची नसते. पण सही करणारा तुमच्याच नोंदींवर विसंबतो, आणि मुंबईत दोन रिपोर्ट परस्परविरोधी निघाले तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातं. तिथे तुमचा फोटो कुठल्या फ्लॅटच्या कुठल्या कोपऱ्यातला, हे सांगता आलं पाहिजे. त्यामुळे फोटोआधी फ्लॅटच्या पाटीचा फोटो, दर वेळी.

पहिल्या काही इमारती बघताना सगळंच पडायला आलंय असं वाटेल. बरंचसं नुसतं प्लास्टर असतं, हळूहळू नजर बसते. एका गोष्टीत मात्र रिपोर्टची वाट बघायची नाही. स्टिल्टमधल्या (इमारतीखालच्या मोकळ्या पार्किंगमधल्या) कॉलमचं कव्हर सुटलंय, सळयांना बांधणाऱ्या रिंगा तुटल्यात आणि उभ्या सळ्या बाहेर वाकल्यात असं दिसलं, तर तिथूनच सिनियरना फोन करा, सेक्रेटरींना खाली बोलवा आणि त्याच दिवशी टेकू लावायला सांगा. तोवर त्या कॉलमजवळच्या गाड्या हलवायच्या आणि पोरांना तिथे खेळू द्यायचं नाही.