उगवणीनंतर वीस दिवस बांध सोडू नका

सोलापूरजवळच्या नान्नज, मार्डीकडच्या माळाला लागून ज्यांचं रान आहे, त्यांनी ज्वारी-हरभरा उगवला की काळविटांवर नजर ठेवायला वीस दिवस रोज तांबडं फुटताना बांधावरून फेरी मारायचीच. पेरून घरी गेलेला माणूस एकदम तण काढायला, कोळपणीला येतो, तेव्हा माळाकडच्या आठ-दहा ओळी गायब असतात. मग बियाणं खोटं निघालं म्हणून भांडण आणि दुबार पेरणी. दरवर्षी हेच बघतोय. बियाणं उगवलेलं असतं, काळविटांनी खाल्लेलं असतं.

फेरीत नजर जमिनीवर ठेवा. हरणाचा खूर अरुंद, दोन टोकदार पाकळ्यांचा. लेंड्या शेळीसारख्या. काळविटाचा नर एकाच जागी पुन्हापुन्हा लेंड्या टाकतो, म्हणून बांधालगत ढीग दिसला की त्यांचा तिथं रोजचा राबता समजा. शेंडे खुडलेले असतील तर हरीण, माती उकरलेली असेल तर रानडुक्कर. डुकरासाठी रात्र जागावी लागते. काळवीट मात्र सकाळी आणि ऊन कलल्यावर चरतं, नेमकं आपण चहाला घरी असतो तेव्हा. काळा नर लांबून दिसतो, पण माद्या पिंगट, बिनशिंगी, मातीत मिसळून जातात. एक नर दिसला तर थांबा, आजूबाजूला नीट मोजा.

हरणं पळवायची म्हणून दुकानातली वासाची महागडी बाटली घेऊ नका. चार दिवसांत वास उडतो, पैसे जातात. माझा अंदाज असा की बांधावर रोज माणूस दिसला की कळप वाट बदलतो. माळाच्या कडेला करडईच्या चार ओळी दाट टाका. काटा उशिरा येतो, पण कणसं भरताना आडोसा होतो.






कुंपणात वीज सोडू नका, शेजारचं पोर मरतं. काळवीट 1972 च्या वन्यजीव कायद्यात अनुसूची 1 मध्ये आहे, मारलं तर तुरुंग. कुत्री मागे लावू नका, बिनकठड्याच्या विहिरीत पाडसं पडतात. गवतात एकटं बसलेलं पाडस उचलू नका, आई जवळच चरत असते.

नुकसान दिसलं की त्याच दिवशी फोटो काढा आणि तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे भरपाईचा अर्ज द्या. पंचनामा होईपर्यंत तेवढा पट्टा मोडू नका. वनविभागाचा मदत क्रमांक 1926. रोज फेरी मारणाऱ्यालाच हे तीन दिवस हाती लागतात. कोळपणीला पोचलेल्याचे ते कधीच उलटलेले असतात.