घसा आवळतोय, श्वास पुरत नाही आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल: डॉक्टरकडे जायच्या आधी काय बघायचं, काय लिहून ठेवायचं

आधी धोक्याचं सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी एखाद्याला आत्ता या क्षणी होत असेल. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजतोय, अंगावर गांधी उठल्यात, काहीतरी खाल्ल्यावर किंवा नवी गोळी घेतल्यावर किंवा गांधीलमाशी चावल्यावर घसा बंद होतोय असं वाटतंय, श्वास आत घेताना सूं-सूं किंवा घर्र असा आवाज येतोय, स्वतःची थुंकी गिळता येत नाही आणि लाळ गळतेय, आवाज तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा येतोय, ओठ निळे पडतायत, यातलं काहीही असेल तर हे वाचणं थांबवा आणि १०८ लावा किंवा जवळच्या कॅज्युअल्टीत जा, रिक्षाने गेलात तरी चालेल पण सोबत कुणीतरी घ्या आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका. ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय म्हणून घरी थांबू नका, घशाकडचा श्वासाचा मार्ग आवळला जातो तेव्हा तो आकडा बराच उशिरा खाली येतो.

आता बाकीच्यांसाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी. मी २५ वर्षांची, पुण्यात आयटीत, घर साताऱ्याचं. एका संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये एकदम वाटलं की गळ्याला कुणीतरी ओढणी गुंडाळून हळूहळू पीळ देतंय, श्वास घेतेय पण तो खाली पोचतच नाहीये. त्यानंतर चार महिन्यांत मी पाच डॉक्टर फिरले आणि ईसीजी, एक्स-रे, रक्त सगळं नॉर्मल आलं. एकाने तर फाइल न उघडताच "टेन्शन घेऊ नका" म्हणून पाठवलं, आई फोनवर म्हणे पित्त झालंय, मावशी म्हणे दृष्ट लागली. खरं सांगायचं तर चूक माझीही होती, मी प्रत्येक ठिकाणी फक्त "श्वास लागतो" एवढंच सांगत होते आणि या दोन शब्दांत निम्मं वैद्यकशास्त्र बसतं. पाचव्या डॉक्टरबाईंनी मला उलटे प्रश्न विचारले, आणि तेच प्रश्न इथे देतेय, स्वतःला विचारा आणि उत्तरं फोनमध्ये लिहा.

पहिला प्रश्न, अडकतंय ते जेवताना की आवंढा गिळताना? हा फरक फार मोठा आहे. जेवताना, पाणी पिताना काहीच वाटत नाही किंवा उलट बरं वाटतं, पण रिकामा आवंढा गिळला की गोळा जाणवतो, तर बहुतेकदा त्याला डॉक्टर ग्लोबस म्हणतात. गळ्यात खरा गोळा नसतो, अन्ननलिकेच्या वरच्या तोंडाशी आणि घशात जे स्नायू असतात ते ताणलेले राहतात, कधी आम्लाने घसा हुळहुळा झालेला असतो. पूर्वी याला हिस्टेरियाशी जोडलेलं नाव होतं, १९६८ मध्ये एका डॉक्टरने ते बदलून ग्लोबस फॅरिंजिअस केलं, कारण हे सगळे पेशंट काही मनाचे रोगी नव्हते. आपल्या भाषेत तर हे कधीचंच आहे, कंठ दाटून येतो, आवंढा गिळतो, हे आपण उगाच म्हणत नाही, तेच स्नायू ते. पण पोळीचा घास, भात, मटणाचा तुकडा खरोखर छातीपाशी अडकतो आणि वरून पाणी प्यावं लागतं, असं होत असेल तर ते ग्लोबस समजून सोडू नका. तरुण मुलांमध्ये ॲलर्जीसारख्या सुजेने अन्ननलिका अरुंद होते असा एक आजार आहे, त्यासाठी पोटाच्या डॉक्टरकडे एन्डोस्कोपी लागते.

दुसरा प्रश्न, त्रास श्वास आत घेताना की बाहेर सोडताना? आणि बोट कुठे ठेवाल, गळ्यावर की छातीवर? दम्यात साधारणपणे सोडताना त्रास, छाती जखडलेली, शिट्टीसारखा आवाज, पहाटे ३-४ ला जाग, खोकला. गळ्यावर बोट जातंय, आत घेताना अडतंय, एकदम सुरू होतं आणि काही मिनिटांत एकदम जातं, दम्याच्या पंपाने (इनहेलरने) काडीचा फरक पडत नाही, तर स्वरयंत्राचा विचार करायचा. श्वास घेताना स्वरतंतू उघडायला हवेत, काही जणांमध्ये ते नेमके तेव्हाच जवळ येतात, याला व्होकल कॉर्ड डिसफंक्शन म्हणतात. अत्तर, फिनाइल, फोडणीचा ठसका, थंड हवा, धावणं, जोरात हसणं, यातलं काहीही कारण पुरतं. पळताना होत असेल तर अजून एक खूण: स्वरयंत्राचं असेल तर पळण्याच्या अगदी भरात येतं आणि थांबलं की काही मिनिटांत ओसरतं, दम्याचं बऱ्याचदा थांबल्यावर ५-१० मिनिटांनी वाढतं. दोन्ही एकत्र असणारे लोक पण आहेत, म्हणून चालू असलेला पंप स्वतःच्या मनाने बंद करू नका प्लीज.

तिसरा, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात का, जांभया किंवा मोठे उसासे सारखे येतात का? मग तुम्ही कमी नाही तर जास्त श्वास घेताय, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि मेंदूला वाटतं हवा कमी पडतेय, की अजून जोरात घ्या. हे चक्र आहे. सिनेमात दाखवतात तशी कागदी पिशवी तोंडाला लावू नका, खरंच दमा किंवा हृदयाचं काही असेल तर महागात पडेल.

चौथा म्हणजे वेळ आणि त्याआधीचे दोन-तीन तास. रात्री साडेदहाला तर्रीवाली मिसळ आणि अकराला आडवं, हा माझा रोजचा कार्यक्रम होता. छातीत जळजळ न होताही आम्ल घशापर्यंत येऊ शकतं, सकाळी आवाज बसलेला, सारखं खाकरावंसं वाटणं, तोंड आंबट, या त्याच्या खुणा. औषधांची यादीपण लिहा, बीपीच्या रामिप्रिल, एनालाप्रिलसारख्या गोळ्यांनी खोकला येतो आणि क्वचित ओठ-घसा सुजतो, अगदी महिनोन् महिने घेतल्यावरसुद्धा. गुटखा, मावा, सिगारेट, व्हेप असेल तर तेही लिहा आणि डॉक्टरला खरं सांगा, आईबाबा सोबत असतील तर त्यांना दोन मिनिटं बाहेर बसवा.

आणि सगळ्यात कामाची गोष्ट: त्रास चालू असताना व्हिडिओ काढा. लाज वाटते मान्य आहे, पण डॉक्टरकडे पोचेपर्यंत सगळं गायब झालेलं असतं आणि मग तुम्ही तिथे ठणठणीत बसून काहीबाही वर्णन करत असता. गळा आणि छाती दिसेल असं, आवाजासकट, ३०-४० सेकंद पुरे. माझ्या व्हिडिओत आत घेतानाचा आवाज ऐकू आला आणि तिथून गाडी रुळावर आली.

जायचं कुणाकडे? आधी फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन. त्यांच्याकडे हिमोग्लोबिन आणि थायरॉइड होऊन जाऊ दे, हिमोग्लोबिन कमी असलं की जिना चढतानाच धाप लागते आणि आपण घशाला दोष देत बसतो. मग कान-नाक-घसा. तिथे नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा बघतात, ५ मिनिटांचं काम, ओपीडीतच होतं. आधी बधिर करायचा स्प्रे मारतात आणि त्याने घसा सुजल्यासारखा, गिळता न येण्यासारखा वाटतो, मला तिथेच पॅनिक आला, कुणी आधी सांगितलंच नव्हतं म्हणून मी सांगतेय, अर्ध्या-पाऊण तासात उतरतं, तोपर्यंत खायचं-प्यायचं नाही. छातीच्या डॉक्टरांकडे स्पायरोमेट्री होते, फुंकायची टेस्ट. त्रास नसताना केली तर दमा असूनही नॉर्मल येऊ शकते, हे लक्षात ठेवा आणि पंप घेत असाल तर टेस्टच्या आधी किती तास घ्यायचा नाही ते फोन करून विचारा.

तीन आठवड्यांपेक्षा जास्त आवाज बसलेला, एकाच बाजूला दुखणं किंवा त्याच बाजूच्या कानात कळ, मानेला गाठ, वजन उतरणं, थुंकीत रक्त, तोंड कमी उघडणं, यातलं काही असेल तर दुर्बिणीची तपासणी टाळूच नका, वय २२ असलं तरी.

घरी काय करता येतं ते आता. घसा आवळण्याचा अटॅक आला की तोंडाने हवा ओढायचा मोह होतो, तो नेमका उलटा पडतो. खांदे खाली सोडा, जीभ खालच्या दातांमागे सैल ठेवा, मोगरा हुंगतो तसे नाकाने छोटे दोन हुंगे घ्या, मग ओठांचा चंबू करून गरम चहा फुंकतो तसं हळू सोडा, सोडणं घेण्याच्या दुप्पट लांब. एवढंच करायचं, चार-पाच वेळा. बरं असताना दिवसातून दोनदा सराव करा, नाहीतर ऐनवेळी आठवत नाही. स्वरयंत्राचंच निघालं तर स्पीच थेरपिस्ट हे नीट शिकवतात, हो, बोलायला शिकवणारेच, मलाही आधी हसू आलेलं.

खाकरणं बंद. प्रत्येक खाकरण्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, अजून चिकटा वाटतो, अजून खाकरतो. त्याऐवजी घोटभर पाणी. जेवण आणि झोप यात तीन तास, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून सहा-आठ इंच उंची (नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडतं आणि उलट दाब येतो), डाव्या कुशीवर झोप. पित्ताची गोळी डॉक्टरने दिली तर नाश्त्याच्या अर्धा तास आधी, नंतर घेऊन उपयोग कमी. पण महिनोन् महिने स्वतःच मेडिकलमधून आणून खात राहू नका, ब्रिटनमध्ये ३४६ जणांवर केलेल्या, २०२१ मध्ये आलेल्या अभ्यासात नुसत्या घशाच्या तक्रारीला या गोळ्या आणि औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशाच खोट्या गोळ्या यांच्यात फरकच दिसला नाही. ज्येष्ठमध चघळायला आवडत असेल तर जपून, जास्त झालं की बीपी वाढतं.

काळजीचा, पॅनिकचा भाग असेल तर त्यावर उपचार घेण्यात कमीपणा नाही, घसा खरंच आवळलेला असतो. टेली-मानसचा १४४१६ नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

रूममेटला पण सांगून ठेवा की अटॅक आला तर भोवती गर्दी करू नको, पाठीवर थोपटू नको, पाणी तोंडात ओतू नको, नुसतं समोर बस आणि फोनवर स्टॉपवॉच लाव. माझ्या रूममेटने लावलं. मला अर्धा तास वाटलेला तो सगळ्यात वाईट अटॅक सव्वादोन मिनिटांचा निघाला.