नव्या नोकरीत दिवस गेल्याचं सांगायचं कसं

'मुलाखतीतच सांगून मोकळी हो' असा सल्ला देणारे बहुतेक पुरुष असतात. मुलाखतीत सांगायची सक्ती कायद्यात नाही. रुजू होतानाच्या फॉर्मात तसा रकाना असला तर कोरा सोडा, पण 'नाही' लिहू नका; खोटं पुढे अंगाशी येतं. मेडिकल तपासणीत छातीचा एक्स-रे असेल तर तिथल्या माणसाला मात्र आधीच सांगा. तिथं लाजून चालत नाही.

ऑफर लेटर हातात आल्यावर पहिलं काम दिवस मोजण्याचं. प्रसूतीच्या तारखेआधीच्या 12 महिन्यांत त्या मालकाकडे 80 दिवस काम भरलं, की पगारी रजा मिळते. आठवड्याचे सहा दिवस धरले तर साधारण तीन महिने. सुट्टीचे रविवार हिशेबात घेऊ नका, म्हणजे ऐनवेळी कमी पडणार नाहीत. पगार 21,000 पर्यंत असेल तर पैसे ईएसआयकडून (कर्मचारी राज्य विमा योजनेकडून) येतात आणि तिथला हिशेब वेगळा: मागच्या दोन वर्गणी-काळांत (सहा-सहा महिन्यांच्या) मिळून 70 दिवसांची वर्गणी. जुन्या नोकरीतली वर्गणीही त्यात धरतात, म्हणून जुनाच विमा क्रमांक द्या. हेड ऑफिसचा पोरगा घाईघाईत नवा काढायला बघतो, काढू देऊ नका.

आता सांगण्याचं. इथंच सगळं घोडं अडतं.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हिशेब खात्यात माझी चौदा वर्षं गेली. स्वतःची दोन बाळंतपणं झाली, आणि मच्छे, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी पोरींचे अर्ज मीच लिहून दिलेत. पण पहिल्या खेपेला मीही माती खाल्ली. सासूबाईंनी तीन महिने तोंड उघडू दिलं नाही. चौथ्यात मी कुंद्याचा डबा घेऊन सुपरवायझरांकडे गेले, मशीनच्या आवाजात लाजत लाजत सांगितलं. ते हसले, दोनदा कुंदा घेतला, 'बरं झालं, बरं झालं' म्हणाले. दीड महिन्यानं त्यांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, 'मला कुणी काही बोललं नाही.' कागद कुठंच नव्हता. रजेचे पैसे बाळ रांगायला लागल्यावर हातात पडले.

म्हणून दार लावून, बसून, एका दमात सांगा: 'सर, मला पाचवा महिना आहे. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तारीख दिलीय. ऑगस्टपासून रजा लागेल. अर्ज आजच देते.' एवढंच. 'सॉरी सर' नको, 'काम अडणार नाही हो' अशी गयावया नको. माफी मागितली की समोरच्याला वाटतं, आपण उपकार करतोय. साहेब कन्नडिग असले तरी घाबरू नका. 'रजे', 'गर्भिणी' हे शब्द त्यांचेही आहेत, आणि बाळंतपणाच्या रजेला ते 'हेरिगे रजे' म्हणतात.

त्याच दिवशी, संध्याकाळच्या आत, अर्ज द्या. ऑफिस ज्या भाषेत चालतं त्या भाषेत लिहा, इंग्रजी नाहीतर कन्नड. सीमाप्रश्न रजेच्या अर्जात सुटत नाही. अर्जात रुजू झाल्याची तारीख, प्रसूतीची अंदाजे तारीख, रजा कधीपासून हवी ते, पैसे कुणाच्या नावे द्यायचे ते, आणि रजेच्या काळात दुसरीकडे काम करणार नाही ही ओळ. सोबत ताई कार्डाची (गरोदरपणाच्या नोंदींच्या सरकारी कार्डाची) झेरॉक्स किंवा डॉक्टरांचा दाखला. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. 'ठेवा, बघतो' याला पोच म्हणत नाहीत. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज मेल करा आणि मेलची प्रत स्वतःच्या खासगी मेलवरही पाठवा.

रजा किती, ते सोपं आहे: प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे, त्यातले प्रसूतीआधी जास्तीत जास्त 8. घरात दोन मुलं आधीच असतील तर 12.

रजेवर असताना काढून टाकणं बेकायदेशीर आहे. धमकी आली तर ती लेखी मागा, बहुतेक वेळा तिथंच विषय संपतो. नाही संपला तर पोच घेतलेली प्रत घेऊन कामगार खात्यात जा.

50 किंवा जास्त कामगार असतील तर पाळणाघराची सोय द्यावी लागते. ते मात्र पहिल्या दिवशी काढू नका, रजा मंजूर झाल्यावर विचारा.