लहान व्यावसायिक संघटनेने उघडपणे लॉबिंग कसे करावे

दीडशे-दोनशे सभासद, एक अर्धवेळ कारकून आणि वर्गणीच्या जोरावर चालणारे कार्यालय एवढाच पसारा असलेली संघटना जेव्हा एखाद्या नियमातील कलम बदलून मागते, तेव्हा ती लॉबिंगच करत असते. त्याला ‘निवेदन देणे’ किंवा ‘पाठपुरावा’ म्हटल्याने कामाचे स्वरूप बदलत नाही, आणि म्हणून त्यासोबत येणारी जबाबदारीही टळत नाही. पुढील विवेचनासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. श्रवणतज्ज्ञांची एक लहान संघटना आहे आणि सरकारच्या प्रस्तावित नियमात असे म्हटले आहे की, प्रत्येक श्रवणचाचणीच्या अहवालावर कान-नाक-घसा शल्यविशारदाची सही असली पाहिजे. संघटनेला ही अट नको आहे.

पहिले काम म्हणजे आपल्या देशातील कायदा वाचणे, कारण तो देशागणिक बराच वेगळा असतो. आयर्लंडमध्ये 2015 च्या कायद्यानुसार प्रातिनिधिक संस्थेकडे एकच पगारी कर्मचारी असला, तरी तिला नोंदणी करून वर्षातून तीनदा विवरण द्यावे लागते. ब्रिटनच्या 2014 च्या कायद्यातील नोंदवहीत मात्र इतरांसाठी मोबदला घेऊन काम करणारे सल्लागारच येतात. चिलीने 2014 मध्ये उलट वाट धरली आणि भेटींची नोंद प्रसिद्ध करण्याचे बंधन ज्यांची भेट घेतली जाते त्या अधिकाऱ्यांवर घातले. भारतात लॉबिंगच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा नाही, पण केंद्र सरकारच्या 2014 च्या धोरणानुसार कायद्याचा मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवणे अपेक्षित आहे, आणि तिथे लेखी हरकती व सूचना हाच सर्वांत स्वच्छ मार्ग ठरतो. कायदा आपल्याला लागू होत नाही असे आढळले तरी त्यातील नमुना उचलावा. कोणाला भेटलो, काय मागितले आणि खर्च कोणी केला, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवायला कायद्याच्या सक्तीची गरज नसते.

त्यानंतर प्रश्न येतो अधिकाराचा. अध्यक्षांनी फोनवर दोघा-तिघांशी बोलून ‘संघटनेची भूमिका’ ठरवणे ही लहान संघटनांची नेहमीची खोड आहे, आणि बाहेर ती उघडी पडते तेव्हा एखादा नाराज सभासदच ती उघडी पाडतो. कार्यकारिणीत ठराव करावा, बाजूने आणि विरोधात किती मते पडली ते इतिवृत्तात नोंदवावे आणि विषय मोठा असेल तर सर्व सभासदांकडून लेखी मत मागवावे. आपल्या उदाहरणात रुग्णालयात नोकरी करणाऱ्या श्रवणतज्ज्ञांना सहीच्या अटीचा त्रास नसेल, कारण शल्यविशारद शेजारच्याच खोलीत बसतो. स्वतंत्र केंद्र चालवणाऱ्यांची मात्र कोंडी होईल. हा मतभेद निवेदनात एका वाक्यात सांगितल्याने निवेदन कमकुवत होईल अशी भीती अनेकांना वाटते. माझ्या मते तो लपवणे अधिक महागात पडते, कारण अधिकाऱ्याला तो दुसरीकडून कळतोच आणि मग उरलेल्या पानांवरही त्याचा विश्वास बसत नाही.

निवेदन शक्यतो दोन पानांचे असावे आणि ते उद्या कोणाच्याही हाती पडले तरी चालेल अशा बेताने लिहावे. मसुद्यातील नेमके कलम, त्याऐवजी सुचवलेली शब्दरचना, तिचे कारण आणि त्या कारणाला असलेला आधार, एवढे त्यात आले पाहिजे. त्यासोबत आपला स्वार्थही स्पष्ट शब्दांत लिहावा: “ही अट कायम राहिल्यास आमच्या स्वतंत्र केंद्र चालवणाऱ्या सभासदांच्या उत्पन्नावर परिणाम होईल, मात्र आमचा मुख्य आक्षेप असा आहे की, जिथे शल्यविशारद उपलब्ध नाहीत तिथे चाचणीच होणार नाही.” पहिला अर्धा भाग वाचून सभासद कुरकुरतात. पण रुग्णहिताच्या गप्पांमागे पैसा दडलेला आहे हा आरोप विरोधकांनी करण्याआधी आपणच सांगून टाकला, की त्या आरोपातली हवा निघून जाते. सभासदांच्या पाहणीतला आकडा दिला असेल, तर किती जणांना विचारले आणि किती जणांनी उत्तर दिले, हेही लिहावे.

पैशाचा भाग सर्वांत नाजूक आहे. लहान संघटनेच्या वार्षिक परिषदेचा खर्च बहुधा प्रायोजकच उचलतो. आपल्या उदाहरणात तो श्रवणयंत्रे बनवणारा एखादा कारखानदार असेल, आणि चाचण्या अधिक व सोप्या झाल्या तर त्याची यंत्रेही अधिक खपतील. लहान संघटनेला खरा धोका इथे असतो: मागणी आपली, आवाज आपला, पण खांदा दुसऱ्याच्या बंदुकीसाठी वापरला जातो. म्हणून गेल्या वर्षी कोणाकडून किती रक्कम मिळाली आणि एकूण उत्पन्नात तिचा वाटा किती, हे निवेदनाच्या शेवटी लिहावे, आणि निवेदनाचा मसुदा प्रायोजकाला दाखवू नये. वर्गणीतला किती भाग लॉबिंगवर खर्च होतो, हेही सभासदांना कळवावे. अमेरिकेत व्यावसायिक संघटनांनी हा वाटा सभासदांना कळवणे, नाही तर त्यावर स्वतः कर भरणे, असा नियमच आहे, कारण वर्गणीतल्या तेवढ्या रकमेवर सभासदाला करवजावट मिळत नाही. कोषाध्यक्षाने खातेवहीत स्वतंत्र शीर्षक उघडून प्रवास, छपाई, सल्लागाराचा मोबदला आणि कर्मचाऱ्याचे त्यावर गेलेले तास तिथे मांडले, तर वर्षअखेरीस शोधाशोध करावी लागत नाही.

भेट कार्यालयीन पत्त्यावर पत्र पाठवून मागावी, विषय आणि येणाऱ्यांची नावे आधी कळवावीत आणि किमान दोघांनी जावे. लग्नसमारंभात गाठ पडली आणि विषय निघाला, तर बोलायला हरकत नाही, पण त्याचीही नोंद करावी. नोंद अशी असते: “14 मार्च. आरोग्य विभागाचे उपसचिव, त्यांच्या कार्यालयात, 25 मिनिटे. संघटनेतर्फे अध्यक्ष व सरचिटणीस. मागणी: सहीची अट काढावी, पर्याय म्हणून संशयास्पद अहवालच शल्यविशारदाकडे पाठवावा. दिलेली कागदपत्रे: निवेदन, पाहणीचा तक्ता. उत्तर: लेखी आकडेवारी मागितली.” ही नोंद त्याच दिवशी लिहावी, कारण आठवड्यानंतर स्मरणशक्ती आपल्या सोयीने काम करू लागते. संकेतस्थळावर ती महिन्याभरात प्रसिद्ध करावी. रुग्णांची माहिती आणि अंतर्गत डावपेच गुप्त ठेवता येतात, पण कोणाकडे काय मागितले ते गुप्त ठेवता येत नाही.

सल्लागार नेमलाच, तर करार लेखी असावा आणि त्याचे नाव जाहीर करावे. काम फत्ते झाले तरच पैसे, ही अट घालू नये. कॅनडाच्या संघराज्य पातळीवर सल्लागाराने असा मोबदला घेण्यास बंदीच आहे आणि त्यामागचे कारण उघड आहे. अधिकाऱ्यांना भेटवस्तू, जेवणावळी आणि प्रवासखर्च देणे टाळावे. पक्षांना किंवा उमेदवारांना संघटनेच्या नावाने देणगी देणे तर मी पूर्णपणे वर्ज्य मानतो, मग कायद्याने परवानगी असो वा नसो. तेवढ्या पैशाने प्रभाव पडत नाही, संशय मात्र पुरेपूर पडतो.

याच बैठकांना जोडून सभासदांमध्ये चाचणीच्या दरांची चर्चा सुरू होण्याचा संभव असतो. ती तिथेच थांबवावी, कारण सरकारकडे मागणी करणे वेगळे आणि आपसांत दर ठरवणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीवर अनेक देशांत स्पर्धा कायद्याखाली कारवाई होते.

निर्णय लागल्यावर, तो विरोधात गेला तरी, मूळ मागणी आणि अंतिम कलम शेजारी शेजारी ठेवून सभासदांना अहवाल द्यावा. मधल्या काळात आपलाच एखादा आकडा चुकीचा होता असे लक्षात आले, तर ज्या उपसचिवांना तो दिला त्यांना दुरुस्तीचे पत्र पाठवावे, त्याची पोचपावती घ्यावी आणि 14 मार्चच्या नोंदीखाली तारखेसह ती दुरुस्ती लिहावी. जुना आकडा मात्र पुसू नये.